कोड तोच, पॅकेज मात्र नवं: रीबिल्ड कधी सोडायचं?

२९ मार्च २०२४ रोजी एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीत मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा उघडकीस आला. एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायला, नेहमीपेक्षा किंचित जास्त वेळ लागतोय, असं आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरच्या लक्षात आलं आणि त्याने चिकाटीने माग काढला. ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांमध्ये हा दरवाजा होता. आर्च लिनक्सने आपल्या वापरकर्त्यांना लगेच सूचना दिली: तुमच्याकडे ५.६.१-१ असेल तर ताबडतोब ५.६.१-२ घ्या.

दोन्हीकडे मूळ सॉफ्टवेअरची आवृत्ती ५.६.१ हीच आहे. बदलला तो फक्त शेवटचा आकडा, एकचा दोन. चोरदरवाजा चालू करणारा तुकडा एक्सझेडच्या गिट रेपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या उघड साठ्यात, नव्हता, तो फक्त प्रकाशनासाठी बांधलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे कोडच्या गाठोड्यात, होता. आर्चच्या मेंटेनरांनी, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्यांनी, टारबॉल बाजूला ठेवला, थेट गिटमधून कोड घेतला आणि पॅकेज पुन्हा बिल्ड केलं, म्हणजे कोडपासून वापरायची फाइल नव्याने बनवली. मूळ लेखकांनी नवी आवृत्ती काढली नव्हती, तरी वापरणाऱ्याच्या हातात पडलेली फाइल वेगळी होती. तो शेवटचा आकडा वाढवला नसता, तर कोट्यवधी फायलींची उलथापालथ करणाऱ्या पॅकेज मॅनेजरला काही बदललंय हे कळलंच नसतं.

हा लेख त्या शेवटच्या आकड्याबद्दल आहे. मूळ सॉफ्टवेअर जिथल्या तिथे असताना पॅकेज पुन्हा बिल्ड करून लोकांकडे पाठवायचं कधी, आणि कधी हात आवरायचा?

आकडा कशाचा?

लिनक्सच्या बहुतेक डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे आर्च, डेबियन, फेडोरा अशा तयार संचांमध्ये, पॅकेजच्या नंबरला दोन भाग असतात. पहिला भाग मूळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा, दुसरा पॅकेज बांधणाऱ्यांचा. आर्च आणि अल्पाइनमध्ये दुसऱ्याला पीकेजीरेल म्हणतात, फेडोरात रिलीज, जेंटूमध्ये रिव्हिजन. जेंटूत तो आर१, आर२ असा शेवटी दिसतो. डेबियनची पद्धत थोडी वेगळी आहे. तिथे कोडला हात न लावता नुसतं पुन्हा बिल्ड केलं तर नंबरच्या शेवटी अधिक चिन्ह, बी आणि आकडा येतो: +बी१, +बी२. ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. डेबियनच्या सुरक्षा अपडेटच्या नंबरला +डेब१२यू१ अशी शेपटी असते आणि इंग्रजी वर्णमालेत बी हा डीच्या आधी येतो. त्यामुळे रीबिल्ड केलेलं पॅकेज सुरक्षा अपडेटपेक्षा कधीच ‘नवं’ ठरत नाही. खरी दुरुस्ती आली की तीच वरचढ ठरते.

पॅकेज मॅनेजर फाइल उघडून पाहत नाही. तो दोन नंबरांची तुलना करतो, आणि डिस्ट्रोच्या पॅकेज रेपॉझिटरीतला नंबर मोठा असला तरच नवं पॅकेज उतरवून घेतो. यातून पहिला नियम निघतो, आणि त्याला अपवाद नाही: एकदा बाहेर पडलेल्या नंबराखाली दुसरा मजकूर कधीही प्रसिद्ध करायचा नाही. तसं केलं तर ज्यांनी कालच पॅकेज घेतलं, त्यांना बदल मिळतच नाही. शिवाय जगभरातल्या मिररपैकी, म्हणजे रेपॉझिटरीच्या प्रतींपैकी, काहींवर जुनी फाइल आणि काहींवर नवी अशी सरमिसळ होते. मग फाइलची पडताळणी करणारा चेकसम जुळत नाही आणि फाइल खराब असल्याचा संदेश येतो. बिचारा वापरकर्ता आपल्या इंटरनेटला दोष देत बसतो.

नंबर मागेही नेता येत नाही. एक्सझेडच्या प्रकरणात डेबियनने जुन्या, विश्वासातल्या ५.४.५ वर परत जायचं ठरवलं. पण ५.४.५ हा नंबर ५.६.१ पेक्षा लहान, म्हणजे कोणाच्याही मशीनवर तो आपोआप उतरला नसता. म्हणून त्या पॅकेजचा नंबर ठेवला गेला ५.६.१+रिअली५.४.५-१. बाहेरून ५.६.१ पेक्षा मोठा, आत मात्र खरोखरच ५.४.५. दिसायला ओबडधोबड आहे, पण प्रामाणिक आहे आणि काम चोख करतो.

आकडा वाढवणं म्हणजे प्रत्येक वापरणाऱ्याला सांगणं की तुझ्याकडची फाइल आता बदलायला हवी. ते खरं असतं तेव्हा सांगितलंच पाहिजे, त्याच दिवशी सांगितलं पाहिजे. खरं नसेल तेव्हा सांगू नये. बाकी सगळे नियम मी याच्यावरच घासून बघतो.

लायब्ररीचा नंबर बदलतो तेव्हा

रीबिल्डचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे सामायिक लायब्ररी, अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती. उदाहरण म्हणून आयसीयू घेऊ. सगळ्या लिप्यांसाठीच्या युनिकोडचं जवळपास सगळं अवघड काम ही लायब्ररी करते: शब्द कुठे तुटतो, अक्षर कुठे संपतं, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ वर्णानुक्रमात कुठे येतात, मराठीत तारीख आणि संख्या कशा लिहायच्या. लिबरऑफिस, क्यूटी (प्रोग्रामच्या खिडक्या-बटणांची लायब्ररी), कितीतरी ब्राउझर आणि डेटाबेस तिच्यावर उभे आहेत. मराठीत काही टाइप करून तुम्ही यादी क्रमाने लावली असेल, तर बहुधा तिचंच काम तुम्ही पाहिलंय.

आयसीयूची मोठी आवृत्ती साधारण वर्षातून दोनदा येते. ७४ ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, ७५ एप्रिल २०२४ मध्ये, ७६ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. प्रत्येक वेळी लायब्ररीच्या फाइलच्या नावातला आकडाही बदलतो. या नावाला सोनेम म्हणतात. प्रोग्राम बिल्ड होताना त्याच्या पोटात नोंद होते की मला आयसीयू ७४ हवी. उद्या मशीनवर फक्त ७५ असेल, तर प्रोग्राम सुरूच होत नाही. कुलूप बदललं की घरातल्या प्रत्येकाला नवी किल्ली त्याच दिवशी द्यावी लागते, आधी दिली तर जुनं कुलूप उघडत नाही आणि नंतर दिली तर माणूस बाहेर राहतो. रीबिल्डच्या वेळेचं गणित हेच आहे.

म्हणजे लायब्ररी आणि तिच्यावर अवलंबून असलेली सगळी पॅकेजेस एकाच फटक्यात रेपॉझिटरीत उतरायला हवीत. आर्चमध्ये यासाठी स्टेजिंग नावाची वेगळी रेपॉझिटरी असते. नवी आयसीयू आधी तिथे ठेवतात, मग कोणकोणती पॅकेजेस पुन्हा बिल्ड करायची याची यादी लावतात. ती एकेक करून तिथेच बिल्ड होतात, मग सगळा संच टेस्टिंगमध्ये आणि तिथून एकगठ्ठा मुख्य रेपॉझिटरीत जातो. फेडोरात याच कामासाठी साइड टॅग, म्हणजे वेगळा कप्पा, काढतात. शिवाय लायब्ररीचा असा बदल करणार असाल तर तिच्यावर अवलंबून असलेल्या पॅकेजच्या मेंटेनरांना आठवडाभर आधी कळवायचं, असा तिथला नियम आहे. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. तुमच्या एका निर्णयाने ज्यांचं काम वाढणार आहे, त्यांना ते अपघाताने कळता कामा नये.

क्रमालाही महत्त्व आहे. क हे पॅकेज ख वर आणि ख हे ग वर अवलंबून असेल, तर ग बदलल्यावर आधी ख बिल्ड करायचं, मग क. उलट केलं तर क हे जुन्या ख ला जोडलं जातं आणि पुन्हा सगळं करावं लागतं. कधी दोन पॅकेजेस एकमेकांवर अवलंबून असतात. तेव्हा एकाची काही वैशिष्ट्यं तात्पुरती बंद करून बिल्ड करायचं, मग दुसरं, मग पहिलं पुन्हा पूर्ण. अशा वेळी आकडा दोनदा वाढतो, आणि ते योग्यच आहे.

एखादं पॅकेज यादीतून सुटलं तर काय होतं, हे मात्र डिस्ट्रोच्या रचनेवर अवलंबून आहे. डेबियनमध्ये लायब्ररीच्या पॅकेजच्या नावातच सोनेमचा आकडा असतो. डेबियन १२ म्हणजे बुकवर्ममध्ये लिबआयसीयू७२, डेबियन १३ म्हणजे ट्रिक्सीमध्ये लिबआयसीयू७६. दोन्ही एकाच मशीनवर गुण्यागोविंदाने नांदू शकतात, त्यामुळे सुटलेलं पॅकेज जुन्या लायब्ररीवर चालत राहतं. त्रास होतो तो डेबियनच्या रिलीज टीमला, कारण जुनी लायब्ररी काढून टाकता येत नाही आणि बदल पुढे सरकत नाही. फेडोरात आरपीएम हे पॅकेजचं साधन प्रत्येक पॅकेजला कोणतं सोनेम लागतं ते आपणहून नोंदवून ठेवतं. म्हणून काही सुटलं तर डीएनएफ हा पॅकेज मॅनेजर अपडेटच अडवतो. अपडेट अडलं याचा वैताग येतो, पण चालू प्रोग्राम मोडत नाही.

आर्चमध्ये एका वेळी सहसा एकच आवृत्ती असते. त्यामुळे तिथे अर्धवट अपग्रेडला मनाई आहे. पॅकेजची यादी ताजी करून एकच पॅकेज बसवलं की नवी आयसीयू येते आणि बाकीचं सगळं जुनं राहतं. आणि मग असंही होऊ शकतं की खुद्द पॅकमन, म्हणजे आर्चचा पॅकेज मॅनेजर, सुरू होत नाही, कारण त्याला लागणारी एखादी लायब्ररी जुनीच राहिलेली असते. दुरुस्तीचं हत्यारच मोडतं. इथे दोष पॅकेज बांधणाऱ्याचा नसतो, पण रीबिल्ड एकत्र का उतरावं लागतं हे याहून चांगलं कुठे दिसत नाही.

सोनेम हे सर्वांत ठळक कारण, पण एकमेव नव्हे. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचं कर्नल मॉड्यूल ज्या कर्नलसाठी, म्हणजे सिस्टिमच्या ज्या गाभ्यासाठी, बिल्ड केलं त्याच्यावरच चालतं, म्हणून नवा कर्नल आला की आधीच बिल्ड केलेलं मॉड्यूलही त्याच्यासोबत नव्याने यावं लागतं. क्यूटीचा अंतर्गत, खासगी भाग वापरणारी पॅकेजेस क्यूटीच्या प्रत्येक आवृत्तीला पुन्हा बिल्ड करावी लागतात. हॅस्केल या भाषेच्या लायब्ररी तर इतक्या घट्ट बांधलेल्या असतात की एकीत बदल झाला की साखळीतल्या सगळ्यांचा आकडा वाढतो. म्हणून आर्चमध्ये हॅस्केलच्या पॅकेजचे पीकेजीरेल पार दोन-तीन आकडी झालेले दिसतात. त्यात मेंटेनरचा गोंधळ काही नाही, भाषेची जडणघडणच तशी आहे.

पायथनचं उदाहरण मला विशेष बोलकं वाटतं. आर्चमध्ये पायथनचे मॉड्यूल ज्या फोल्डरमध्ये बसतात त्याच्या नावात पायथनची आवृत्ती असते. ३.११ वरून ३.१२ वर गेलं की फोल्डर बदलतो, आणि ज्या मॉड्यूलमध्ये कंपाइल केलेली एकही ओळ नाही तेही सापडेनासं होतं. म्हणून सगळंच पुन्हा बिल्ड करावं लागतं. डेबियनमध्ये शुद्ध पायथनचे मॉड्यूल आवृत्ती नसलेल्या एकाच फोल्डरमध्ये असतात, त्यामुळे त्यांना हात लावायची गरज पडत नाही. मॉड्यूल एकच असतं, पण एका घरी ते रीबिल्ड करायलाच हवं आणि दुसऱ्या घरी केलं तर वाया. दुसऱ्या डिस्ट्रोने केलं म्हणून आपणही करायचं, हा हिशेब इथे फसतो.

जे नंबरात दिसत नाही

सोनेम बदललं की निदान प्रोग्राम ओरडून सांगतो. खरी काळजी वाटते ती गुपचूप होणाऱ्या बदलांची.

३२ बिटच्या मशीनवर वेळ मोजायची जुनी पद्धत म्हणजे १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंद. त्यांची मर्यादा २,१४७,४८३,६४७. ती १९ जानेवारी २०३८ रोजी संपते, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं आणि ७ सेकंदांनी. उपाय म्हणजे हा आकडा ६४ बिटचा करणं. पण तसं केलं की ज्या ज्या लायब्ररी वेळेची देवाणघेवाण करतात त्यांच्या फंक्शनची मापं बदलतात, आणि सोनेम मात्र तेच राहतं. नवी लायब्ररी आणि जुना प्रोग्राम एकत्र आले तर काहीही तक्रार न करता चुकीच्या बाइट वाचल्या जातील. डेबियनने २०२४ मध्ये हा बदल केला तेव्हा अशा लायब्ररींच्या पॅकेजची नावंच बदलली, शेवटी टी६४ जोडून. नाव बदललं की जुन्या प्रोग्रामला नवी लायब्ररी चुकूनही मिळत नाही, रीबिल्ड केल्याशिवाय गाडी पुढे जातच नाही. जुने ३२ बिट इंटेल प्रोग्राम चालत राहावेत म्हणून आय३८६ ला यातून वगळलं. ही सगळी कामं ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ट्रिक्सीत पोहोचली. याआधी २०१५ मध्ये जीसीसी ५ या कंपायलरने सी++ च्या स्ट्रिंगची आतली रचना बदलली, तेव्हाही डेबियनने व्ही५ अशी शेपटी जोडून हाच मार्ग घेतला होता.

दुसरा गुपचूप प्रकार स्थिर जोडणीचा. गो आणि रस्ट या भाषांमधले प्रोग्राम लागणाऱ्या लायब्ररींचा कोड बिल्ड होतानाच स्वतःत सामावून घेतात. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतली चूक दुरुस्त केली की तिला बाहेरून वापरणारे सगळे प्रोग्राम एका अपडेटने सुरक्षित होतात. गोच्या स्टँडर्ड लायब्ररीतली चूक दुरुस्त केली तर एकही प्रोग्राम सुरक्षित होत नाही, प्रत्येक पुन्हा बिल्ड करावा लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये एचटीटीपी/२ मधला ‘रॅपिड रीसेट’ हल्ला जाहीर झाला, तेव्हा गोने १.२१.३ आणि १.२०.१० काढले. ज्या वेब सर्व्हरच्या पॅकेजमध्ये जुना गो शिजवलेला होता, त्यांचा स्वतःचा कोड एका अक्षरानेही बदललेला नव्हता, तरी ते असुरक्षित होते. अल्पाइनसारख्या डिस्ट्रोत गोची दुरुस्ती आली की गोमधल्या पॅकेजांचे आकडे एका कमिटमध्ये वाढवतात, ते याच कारणासाठी. फक्त हेडर फायलींमध्ये, म्हणजे बिल्ड होतानाच प्रोग्राममध्ये मिसळणाऱ्या फायलींमध्ये, असलेल्या सी++ लायब्ररींचंही असंच असतं.

अशा वेळी घाई हवी, पण सरसकट नको. एप्रिल २०२४ मध्ये रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीत एक चूक सापडली. तिला गंभीरतेचे दहापैकी दहा गुण मिळाले आणि रस्ट १.७७.२ आला. पण ती चूक विंडोजवर बॅच फायली चालवण्यापुरतीच होती. लिनक्सच्या पॅकेजमध्ये रीबिल्ड करण्यासारखं काही नव्हतं. गुण पाहून बटण दाबणारा मेंटेनर शेकडो पॅकेजेस उगाच पाठवेल. म्हणून आधी विचारायचं: चूक असलेलं फंक्शन आपल्या प्रोग्रामकडून वापरलं जातं का? गोसाठी गोव्हल्नचेक हे हत्यार नेमकं हेच सांगतं. नेटवर्कवर उघडे असलेले सर्व्हर सगळ्यांत आधी, स्वतःच्याच फायली वाचणारी छोटी साधनं नंतर.

डेबियनच्या रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे की स्थिर जोडणीची पॅकेजेस मोठ्या प्रमाणावर पुन्हा बिल्ड करणं सध्याच्या व्यवस्थेला जड जातं, म्हणून गो आणि रस्टच्या पॅकेजना मर्यादित सुरक्षा पाठबळ मिळेल आणि बहुतेक दुरुस्त्या नेहमीच्या पॉइंट रिलीजमधूनच, म्हणजे दुरुस्त्या साठवून काढलेल्या प्रकाशनांतूनच, येतील. एवढ्या मोठ्या संस्थेने आपली मर्यादा वापरणाऱ्यांपुढे मांडली याचा मला आदर वाटतो. असा सर्व्हर चालवणाऱ्यांनी ती नोंद वाचलेली असावी.

आणि कधी थांबायचं

पॅकेजच्या वर्णनात शुद्धलेखन सुधारलं, मेंटेनरचा पत्ता बदलला, बिल्ड स्क्रिप्टमधली टिप्पणी नीट केली. यातलं काहीच लोकांच्या मशीनवर फरक पाडत नाही. बदल स्क्रिप्टच्या गिट रेपॉझिटरीत ठेवा, पुढच्या खऱ्या अपडेटबरोबर तो आपोआप जाईल. आर्चच्या वापरकर्ता रेपॉझिटरीचा, म्हणजे एयूआरचा, नियमही असाच आहे: टायपोसाठी आकडा वाढवू नका.

जरा कमी उघड पण फार शहाणपणाचा नियम जेंटूचा आहे. जेंटूत बहुतेक जण पॅकेजेस आपल्या मशीनवर कंपाइल करतात. समजा काही लोकांकडे पॅकेज बिल्डच होत नव्हतं आणि तुम्ही ते दुरुस्त केलं. आकडा वाढवायचा का? नाही. ज्यांच्याकडे बिल्ड झालं त्यांच्याजवळ चालू प्रोग्राम आहे, त्यांना पुन्हा तासभर कंपाइल करायला लावून काही मिळणार नाही. ज्यांच्याकडे अडलं होतं ते पुढच्या प्रयत्नात दुरुस्त स्क्रिप्ट घेतीलच. पण बसणाऱ्या फायलीच बदलत असतील तर आकडा वाढवायचा.

आर्चने डिसेंबर २०१९ च्या अखेरीस पॅकेजचं कॉम्प्रेशन एक्सझेडवरून झेडस्टँडर्डवर नेलं. सगळी पॅकेजेस मिळून आकार सुमारे ०.८ टक्के वाढला आणि उलगडण्याचा वेग सुमारे १३०० टक्के. एवढा फायदा दिसत असूनही सगळं एकदम पुन्हा बिल्ड करून लोकांच्या माथी मारलं नाही. जसजशी पॅकेजेस अपडेट होत गेली तसतशी ती नव्या रूपात आली. आधीच बसलेल्या प्रोग्रामला कॉम्प्रेशनशी देणंघेणं नसतं, म्हणून हा निर्णय अगदी बरोबर होता.

कंपायलरचे नवे पर्याय याच प्रकारात मोडतात. फेडोराने आवृत्ती ३८ मध्ये फ्रेम पॉइंटर ठेवायचं ठरवलं, म्हणजे प्रोग्रामचा वेळ कुठे जातोय ते नीट मोजता येईल. तो बदल विकसित होत असलेल्या आवृत्तीच्या सामूहिक रीबिल्डमधून, म्हणजे सगळी पॅकेजेस एकदम पुन्हा बिल्ड करताना, आला. तेव्हा चालू असलेल्या ३७ च्या वापरकर्त्यांना त्यासाठी सगळी सिस्टिम पुन्हा उतरवायला लावली नाही. चालू आवृत्तीत येणारं प्रत्येक अपडेट म्हणजे कोणाच्या तरी मोबाइल हॉटस्पॉटचा डेटा. लिबरऑफिससारखं पॅकेज शेकडो एमबीचं असतं, आणि फेडोरा ४० पासून फक्त फरक उतरवून घेणारे डेल्टा आरपीएमही बंद झाले आहेत. तालुक्याच्या गावी दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर लिनक्स शिकणाऱ्या मुलीला नाहक रीबिल्ड पाठवणं म्हणजे तिचा त्या दिवसाचा अभ्यास खाणं आहे. हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही.

मग जी छोटी दुरुस्ती रीबिल्डच्या लायकीची नाही, ती कोणत्या तारखेला सोडायची? कोणत्याच नाही. तिला प्रवासाची सोबत मिळेपर्यंत थांबू द्या.

रीबिल्ड निरुपद्रवी नसतं

‘नुसतं रीबिल्ड तर आहे’ असं म्हणून तपासणी टाळली जाते, आणि मला हीच सवय सगळ्यांत घातक वाटते. कोड जुना असला तरी बाकी सगळं आजचं असतं: आजचा कंपायलर, आजच्या लायब्ररी, आजचं बिल्डचं वातावरण. दोन वर्षांपूर्वी बिल्ड केलेलं पॅकेज आज पुन्हा बिल्ड केलं तर तेच निघेल याची हमी नाही.

जीसीसी १४ चं उदाहरण घ्या. जुन्या सीमध्ये न सांगता फंक्शन वापरलं तर कंपायलर फक्त इशारा द्यायचा. जीसीसी १४ ने ती चूक ठरवली. ज्या पॅकेजेसचं बिल्ड त्यामुळे थेट पडलं ती सोपी, कारण ती दिसली. अवघड होती ती कॉन्फिगर स्क्रिप्ट. ही स्क्रिप्ट छोटे छोटे चाचणी प्रोग्राम कंपाइल करून पाहते की या मशीनवर अमुक सोय आहे का. तो चाचणी प्रोग्रामच जुन्या ढंगाचा असेल तर कंपाइल होत नाही, आणि स्क्रिप्ट समजते की सोय नाही. बिल्ड यशस्वी होतं, पॅकेज बाहेर पडतं, आणि त्यातलं एक वैशिष्ट्य चुपचाप गायब झालेलं असतं. फेडोरात ४० च्या सामूहिक रीबिल्डआधी या गोष्टीवर बरीच मेहनत घेतली गेली, ती याच भीतीने.

म्हणून रीबिल्ड सोडण्याआधी जुनं आणि नवं पॅकेज शेजारी ठेवून पाहायचं. फायलींची यादी तीच आहे का? कोणत्या लायब्ररींना जोडलं गेलंय? आकार अचानक घटला का? रिप्रोड्युसिबल बिल्ड्स प्रकल्पातलं डिफॉस्कोप हे साधन दोन पॅकेजांमधला फरक थेट फाइलच्या पोटापर्यंत दाखवतं. ओपनसुसेची बिल्ड सर्व्हिस याहून पुढे जाते: अवलंबून असलेली पॅकेजेस आपोआप पुन्हा बिल्ड करते, आणि निकालात काही फरकच नसेल तर तो टाकून देते, लोकांपर्यंत जाऊच देत नाही. माझ्या मते हे सगळ्या डिस्ट्रोंनी उचलण्यासारखं आहे.

निक्स या पॅकेज व्यवस्थेची गोष्ट वेगळी. तिथे पॅकेजची ओळख ते बिल्ड करायला लागणाऱ्या सगळ्या सामग्रीच्या हॅशवरून, म्हणजे तिच्यावरून काढलेल्या ठशावरून, ठरते, म्हणून पायातला एक दगड हलला की वरचं सगळं आपोआप नवं ठरतं. प्रश्न ‘रीबिल्ड करायचं का’ असा उरतच नाही, ‘कधी’ एवढाच उरतो. म्हणून मोठे बदल स्टेजिंग शाखेत साठवून एकत्र सोडतात. तिच्यासारख्याच गिक्समध्ये सुरक्षेच्या दुरुस्तीसाठी ग्राफ्टची सोय आहे: सगळं पुन्हा बिल्ड न करता जुन्या लायब्ररीचा संदर्भ नव्या लायब्ररीकडे वळवतात, आणि पूर्ण रीबिल्ड सवडीने करतात.

एयूआरमध्ये पॅकेज सांभाळणाऱ्यांचा पेच मात्र खरा आहे. तिथे मेंटेनर फक्त कृती देतो, बिल्ड प्रत्येक जण आपापल्या मशीनवर करतो. सोनेम बदललं तर आकडा वाढवायचा का? एक बाजू म्हणते, ज्याने त्याने आपलं पाहावं. रीबिल्ड-डिटेक्टरमधलं चेकरीबिल्ड चालवलं की कोणतं पॅकेज मोडलंय ते कळतं. दुसरी बाजू म्हणते, प्रोग्राम सुरूच होत नसेल तर लोकांना कळायला दुसरा मार्ग कुठला? मी दुसऱ्या बाजूचा आहे. फक्त वेळ पाळायची: नवी लायब्ररी टेस्टिंगमध्ये असताना आकडा वाढवायचा नाही, कारण तेव्हा बहुतेक लोक जुन्याच लायब्ररीवर पुन्हा बिल्ड करतील आणि दोन दिवसांनी तेच पॅकेज पुन्हा मोडेल. ती मुख्य रेपॉझिटरीत उतरली की त्याच दिवशी वाढवायचा.

आणि नोंद लिहायची. नुसतं ‘रीबिल्ड’ नको, ‘आयसीयू ७५ साठी रीबिल्ड’, ‘गो १.२१.३ मधल्या सुरक्षा दुरुस्तीसाठी रीबिल्ड’ असं. सर्व्हर सांभाळणारा माणूस ती ओळ वाचून ठरवतो की हे अपडेट आज रात्रीच घ्यायचं की रविवारपर्यंत थांबलं तरी चालेल.

शेवटचं वापरणाऱ्यांसाठी. नवं पॅकेज डिस्कवर बसलं तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्राम मेमरीतला जुनाच कोड वापरत राहतो. सुरक्षेसाठी आलेलं रीबिल्ड घेतल्यावर ती सेवा पुन्हा सुरू करावी लागते. डेबियन आणि उबुंटूवर नीडरीस्टार्ट, फेडोरावर डीएनएफचा नीड्स-रीस्टार्टिंग हा आदेश कोणत्या सेवा अजून जुन्या फायली धरून बसल्या आहेत ते दाखवतो. कर्नल किंवा ग्लिबसी (जवळपास सगळे प्रोग्राम वापरतात ती सी भाषेची लायब्ररी) बदलली असेल तर सरळ मशीनच रीस्टार्ट करा.